नळी हातात असताना

जोडाच्या डाव्या अंगाला काच थोडी जाड असायला हवी होती. ती नव्हती.

फरक फार नसतो, तीन दशांश मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण भांडं दोन ध्रुवक, म्हणजे पोलरॉइडच्या, पट्ट्यांमध्ये धरून मागून दिवा लावला की जोडाभोवती फिकट निळा पट्टा उमटतो, आणि माझ्या नवऱ्याच्या जोडात तो डावीकडे किंचित फुगलेला असतो, एखाद्याने गालात गोळी धरावी तसा. नळी फिरवताना त्याचा डावा हात उजव्यापेक्षा कणभर मागे राहतो, म्हणून. तो दोष नाही, नियमात बसतो. एकोणीस वर्षं मी त्याची भांडी तपासते आहे. तो फुगवटा मला त्याच्या सहीपेक्षा जास्त ओळखीचा आहे.

त्या सकाळी टेबलावर सात भांडी होती. सातही पट्टे सगळीकडे सारखे. नोंदवहीत ‘कारागीर’ या रकान्यात नाव त्याचं, अक्षरही त्याचंच.

मी कपाट उघडून मागच्या महिन्यांचे नमुने काढले. पाच महिन्यांपर्यंत मागे गेले, फुगवटा कुठेच नाही. सहाव्या महिन्यातल्या भांड्यांवर तो होता, पण वेडावाकडा, पिळवटलेला, आणि त्या महिन्यातली तीन भांडी मी स्वतःच नापास केली होती.

नमुने जागेवर ठेवले. मग सातही भांड्यांच्या कागदांवर सही केली, कारण भांडी उत्तम होती.

आम्ही दोघं एकाच संशोधन संस्थेत आहोत. तो काचकाम विभागात. प्रयोगशाळांना लागणारी, बाजारात न मिळणारी भांडी तो ज्योतीवर हाताने घडवतो. मी ती तपासते. काचेच्या दोन नळ्या दोन हातांत धरायच्या, त्यांची टोकं ज्योतीत मऊ करायची, जोडायची, तोंडातल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालायची, आणि हे सगळं होत असताना दोन्ही हातांनी नळी एकाच वेगाने फिरवत राहायची. थांबलं की काच ओघळते. हे काम शिकायला सहा-सात वर्षं लागतात. त्याचे वडील हेच करायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काम करताना आत वळायला लागली. पेटका आला, असं तो म्हणायचा. झटकून पुन्हा नळी धरायचा. मग दिवसातून दोनदा, मग दहा वेळा.

मॅग्नेशियम माझीच कल्पना. तिशीत माझ्या पायांत गोळे यायचे. मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतल्या आणि ते थांबले. कदाचित एरवीही थांबले असते. घेतल्याशिवाय किती दिवसांत थांबले असते हे मी तपासलं नव्हतं, तरी घरात ते सिद्ध झाल्यासारखंच होतं.

आधी आणलं ते ऑक्साइड. ते शरीरात फारसं शोषलं जात नाही, सरळ खाली उतरतं. आठवडाभर तो कामावरून दर तासाला उठून जात होता.

“वहिनी,” माझी नणंद म्हणाली, “दादाच्या हाताचं राहू दे, तुझ्या औषधाने दुसरंच काहीतरी सैल झालंय.”

नणंद त्याच्याच विभागात मदतनीस आहे. तो तिला ‘चिमटे’ म्हणतो, कारण पाच वर्षांची असल्यापासून वडिलांना ती चिमटे द्यायची. मला तो मोजपट्टी म्हणतो.

मग मी पोटाला सोसणारा दुसरा प्रकार आणला. सकाळी दोन, रात्री जेवणाबरोबर दोन. रक्त तपासलं. मॅग्नेशियम व्यवस्थित होतं, मधोमध. इथे खरं तर विषय संपायला हवा होता. पण मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती खरी आहे: शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी रक्तद्रवात एक टक्कासुद्धा नसतं, बाकीचं हाडांत आणि स्नायूंत असतं. म्हणजे रक्तात ठीक दिसलं तरी स्नायूंत कमी असू शकतं. हे मी त्याला जेवणाच्या टेबलावर कागदावर काढून समजावलं. त्याला फार बरं वाटलं. मलाही. कमी शिकलेली असते तर त्या दिवशीच हात टेकले असते.

त्यानंतर आम्ही मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला शर्टाची बटणं लावायला सांगितली. लावली. पेनने लिहायला सांगितलं. लिहिलं. दोरीला गाठ मारायला सांगितली, तीही मारली. बोटं जागची हलली नाहीत. मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल त्याच्या दोन्ही हातांत आडवी दिली आणि म्हणाले, “तुमची नळी आहे असं समजा. फिरवा.” दोन फेऱ्यांत करंगळी तळव्यात शिरली.

“हे स्नायूंचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “तेच ते बारीक काम वर्षानुवर्षं केलेल्या काही लोकांत होतं. मेंदूतला त्या हालचालीचा नकाशा बिघडतो. वादकांना होतं, घड्याळजींना होतं. स्नायू सैल करणाऱ्या सुया टोचून थोडा फरक पडतो काहींना, पण तुमच्या कामाला बोटांत जोर लागतो, सुयांनी तोच जायचा. ज्या कामात होतंय ते काम थांबवा.”

मी विचारलं, “आणि मॅग्नेशियम?”

“त्याचा याच्याशी संबंध नाही. मूत्रपिंडं चांगली आहेत, हवं तर घ्या.”

जिना उतरताना नवरा म्हणाला, “हवं तर म्हणाले ना?”

“हो,” मी म्हणाले. “हवं तर म्हणाले.”

डॉक्टर वीस मिनिटं बोलले होते. त्यातले हे दोन शब्द आम्ही घरी आणले.

मला कळलं नव्हतं असं नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर ते चमचा धरतानाही कमी असतं आणि नळी धरतानाही. हातात काय आहे ते बघून ते कमी-जास्त होत नाही. हे मी डॉक्टरांच्या आधी, दुसऱ्याच महिन्यात, त्याला बागेतल्या रोपांची छाटणी करताना पाहून स्वतःशी म्हटलं होतं. त्याच्या हातात यापुढे नळी द्यायची नाही, हे वाक्य तेव्हापासून माझ्याकडे तयार होतं. पण ते मी म्हणाले असते तर ते माझ्या तोंडून निघालेलं असतं, आणि मी तर त्याची परीक्षक. त्यापेक्षा गोळ्यांचा डबा भरणं सोपं होतं.

मी आलेख सुरू केला. रोज संध्याकाळी तो पेटक्यांचा आकडा सांगायचा, मी बिंदू काढायचे. पहिले नऊ महिने रेघ सपाट राहिली, दिवसाला वीस-बावीस. मग मी गोळ्यांचं प्रमाण वाढवलं, आणि दोन आठवड्यांत रेघ खाली यायला लागली. सतरा, अकरा, सहा. गेला महिनाभर दोन, एक, एक, दोन. तो आलेख मी स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पाहुण्यांना दिसू नये, पण आम्हाला दिसावा म्हणून.

त्यात एक चूक होती. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलीने ती केली असती तर मी तिला अख्खा अहवाल परत लिहायला लावला असता. पेटके किती ते मी लिहीत होते. नळी हातात किती तास होती, ते नव्हते.

सही करून मी काचकाम विभागाकडे गेले. एरवी कामाच्या वेळी मी तिथे जात नाही. तो नियम त्याचाच. “परीक्षकाने स्वयंपाकघरात डोकावू नये,” म्हणतो. दाराला तळहाताएवढी काच आहे. तिच्यातून पाहिलं.

त्याच्या स्टुलावर नणंद बसली होती. त्याचा ज्योतीपुढे घालायचा जांभळट चष्मा तिच्या डोळ्यांवर. ज्योतीत मोठी दुहेरी नळी फिरत होती, इतकी सारखी की फिरते आहे हे कळायला नळीवरचा खडूचा ठिपका बघावा लागत होता. तो तिच्या मागे उभा होता, दोन्ही हात खिशांत. ओठ हलत होते. “फिरव, फिरव, थांबू नको,” असं काहीतरी. ती ऐकत नव्हती, तिला गरजच नव्हती.

जोड झाला. तिने नळी भट्टीत सरकवली. त्याने खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली, जरा विचार केला, आणि एक रेघ ओढली. कागद घडी घालून परत खिशात ठेवला. पेन्सिल धरलेली बोटं अगदी सरळ होती.

मी मागे फिरले ती थेट हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. हात स्वच्छ होते, तरी धुतले. थोड्या वेळाने नणंद आली. मला बघून तिने नळ सोडला, बोटं पाण्याखाली धरली.

“दारापाशी तूच होतीस ना? काचेवर वाफ धरली होती.”

“कधीपासून चाललंय हे?”

“तुला कधीपासून माहितीये?”

“आज सकाळपासून.”

ती हसली. नळ बंद केला. “वहिनी, माझ्या पहिल्या महिन्यात पाव मिलिमीटर वाकडा जोड तू परत पाठवला होतास. चिठ्ठीवर ‘पाव’ला दोन रेघा मारून. आणि पाच महिने तुला दादाचा हात आणि माझा हात कळला नाही?”

मी रुमालाने हात पुसत राहिले.

“जाऊ दे. चांगले होते ना जोड?”

“त्याच्यापेक्षा चांगले.”

“हे कधी लिहिलंस कुठे?”

“मला माहीत असतं तर…”

“बरं, बरं.” तिने हात साडीला न पुसता तसेच झटकले. “उद्या साहेबांकडे माझा कागद आहे. तीन वर्षं संपली मदतनीस म्हणून. कारागीर करायचं की घरी पाठवायचं. दादाने शेरा लिहिलाय, त्यानेच मला वाचून दाखवला. ‘कष्टाळू आहे. स्वतंत्र कामास अद्याप योग्य नाही.’ वाचताना मान खाली घातली होती, तेवढं खरं.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“त्याने मला नळी धरायला शिकवली, वहिनी. मी काय म्हणू? तू त्याची बायको आहेस, तुझी सही सगळ्या कागदांवर आहे, तू गप्प, आणि चिमट्यांनी बोलायचं?”

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी घरी आला. जेवायला बसलो. मी त्याच्या ताटाशेजारी दोन गोळ्या ठेवल्या. कपाटाचं दार उघडून पेन्सिल हातात घेतली.

“आज किती?”

“एकच.” त्याने घास घेतला. “चांगलं चाललंय.”

“कधी आला?”

“अं? दुपारी. मोठा जोड करताना. दुहेरी नळीचा.”

“दुहेरी नळीचा जोड दुपारच्या आधी झाला. आणि तुझे हात खिशात होते.”

तो चावायचा थांबला. मग पुन्हा चावू लागला. घास संपवून, पाणी पिऊन म्हणाला, “मोजपट्टी दारापर्यंत आली म्हणायची.”

“खोटे आकडे दिलेस मला. पाच महिने.”

“तुला खाली येणारी रेघ हवी होती. दिली.”

“मला हवी होती?”

“मग कुणाला? मी तर नवव्या महिन्यातच म्हणालो होतो, पुरे कर. तू प्रमाण वाढवलंस. तुझं तोंड बघायचं होतंस रोज त्या कपाटापुढे. बावीस सांगितले की जेवण होईपर्यंत बोलायची नाहीस. सहा सांगितले त्या दिवशी तू गाणं गुणगुणलीस. लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं मी.” त्याने दोन्ही गोळ्या उचलल्या, तळव्यावर हलवल्या. “बेसूर होतं, पण म्हटलं, चालू दे.”

“आणि तिच्या कागदावर जे लिहिलंस ते? तेही माझ्यासाठी?”

तो उत्तर द्यायला वेळ लावतो तेव्हा मला कळतं की उत्तर आधीच ठरलेलं आहे.

“ते खरं आहे,” तो म्हणाला. “एकटी नाही करत ती. मी मागे असतो.”

“मागे उभं राहून काय करतोस?”

“असतो.”

“तिला काढून टाकतील.”

“नाही काढणार. साहेबांना सांगेन, अजून वर्षभर मदतनीस ठेवा. माझा हात तोवर…” तो थांबला. “कारागिराची जागा एकच आहे विभागात. तिला दिली तर मी कुठे बसू? तुझ्या टेबलाशेजारी? तिचे जोड मोजत?”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

“डॉक्टरांनी हवं तर घ्या म्हणूनही सांगितलं होतं. तेव्हा तू का नाही बोललीस जिन्यात? तुला सगळं कळतं. एक टक्का रक्तात, नव्याण्णव हाडांत. चित्र काढून दाखवलंस मला. मी दहावी पास माणूस, मला वाटलं, असेल. हिला माहीत असेल.” त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, पाण्याबरोबर गिळल्या, आणि पेला ठेवला. “उद्या सहीला बोलावतील तुला. तपासनिसाचीही लागते. कर नेहमीसारखी.”

मी आलेखावर बिंदू काढला नाही. पण आलेख काढूनही टाकला नाही. दार लावलं, ताटं उचलली, आणि सकाळच्या दोन गोळ्या डब्यात काढून ठेवल्या. इतक्या दिवसांची सवय होती. त्या क्षणी मी थांबले असते तर त्याचं त्याला तरी बोलता आलं असतं, आमच्या स्वयंपाकघरात, परक्या माणसांसमोर नाही. ते मी केलं नाही, आणि त्याची मला अजूनही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, निवृत्तीला आलेले, कुणाचं मन दुखवायला नको म्हणून प्रत्येक गोष्ट हसत सांगणारे. खोलीत तीन खुर्च्या होत्या. नवरा एकीवर, नणंद दुसरीवर, तिसरी माझी. सगळे एकाच घरचे.

“घरची बैठकच झाली की,” साहेब म्हणाले. “मी तेवढा पाहुणा.” कुणी हसलं नाही तेव्हा त्यांनी चष्मा लावला. “तर. तीन वर्षं झाली. शेरा वाचतो. ‘कष्टाळू आहे. स्वतंत्र कामास अद्याप योग्य नाही.’ आता असं आहे की मदतनिसाला तीन वर्षांच्या वर ठेवता येत नाही. मी विचारून पाहिलं वर. एक तर कारागीर, नाही तर… म्हणजे, समजलं ना.”

नवऱ्याने मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं. त्याने धरून ठेवलेलं ते एक वर्ष या जगात कुठेच नव्हतं. मला वाटलं, आता तो बोलेल. त्याचा डावा हात मांडीवर होता, बोटं मोकळी, सरळ, एखाद्या धडधाकट माणसाची. त्याने ती बोटं मिटली आणि परत उघडली.

साहेबांनी नणंदेकडे पाहिलं. “तुला काही म्हणायचंय, पोरी?”

ती भावाकडे बघत होती. रागाने नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती, नळी तापली की नाही हे बघायला ज्या नजरेने बघतात तसं.

“दादाने लिहिलंय तर बरोबरच असेल,” ती म्हणाली.

“मग हरकत नाही म्हणायची.” साहेब सुटल्यासारखे झाले. कागद माझ्याकडे सरकवला, त्यावर पेन ठेवलं. “मॅडम, इथे. ‘मी या मदतनिसाचे काम तपासले असून शेऱ्याशी सहमत आहे.’ तारीख पण घाला.”

मी पेन घेतलं. टोपण काढलं. माझ्या हाताला काहीही होत नव्हतं, तो अगदी स्थिर होता. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची छोटी डबी होती, दुपारसाठी मीच भरून दिलेली. तो जरा पुढे झुकला तेव्हा ती वाजली.

“अगं,” तो हळूच म्हणाला. एवढंच.

मी टोपण परत लावलं आणि पेन साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या बाजूला ठेवलं.

“पाच महिन्यांतली सगळी भांडी हिने केली आहेत, साहेब,” मी म्हणाले. “माझ्या कपाटात नमुने आहेत, दिव्यावर दाखवते. ही काय करते ते याने लिहिलं नाही, कारण मग स्वतःचं लिहावं लागलं असतं. आणि मी तपासलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं.” साहेब काहीतरी म्हणणार होते. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढचं राहून गेलं असतं, दोन वर्षं राहिलं होतं तसं. मी त्यांच्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं.

“मॅग्नेशियम आजपासून बंद,” मी म्हणाले. “त्याने काही होणार नाही, कधीच होणार नव्हतं. तुझ्या हातात यापुढे नळी द्यायची नाही.”